रजा, राजीनामा आणि रझाकार

मी सातवीत असताना सतरा सप्टेंबरच्या कार्यक्रमासाठी शाळेत एक नाटुकलं बसवलं होतं. मराठवाड्यात शिकलेल्यांना या नाटुकल्याचा साचा पाठ असतो. एक भारतमाता असते, स्वामी रामानंद तीर्थ असतात, सरदार पटेल असतात, गावकरी असतात आणि गावकऱ्यांना छळणारे दोन-तीन रझाकार असतात. वर्गात मुसलमान मुलं आम्ही तिघं. रझाकारही तीनच हवे होते. सरांनी कुणाला विचारलं नाही. आमच्याकडं बोट केलं आणि म्हणाले, "तुम्ही तिघं रझाकार. तुमची उर्दू बरी आहे."

सर वाईट नव्हते. त्यांच्या मनात काही काळंबेरं होतं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्यांना तो हिशेब सरळ वाटला, इतकंच. मी विचारलं, "सर, रझाकार म्हणजे काय?" सर म्हणाले, "जुलमी. क्रूर माणूस."

घरी आलो तर दादी ओसरीवर अडकित्त्यानं सुपारी कातरत बसली होती. मी उड्या मारत सांगितलं, "दादी, मेरे कू नाटक में काम मिला."

"क्या बना रे?"

"रजाकार."

अडकित्ता थांबला. "वो नाम घर में नको," एवढंच बोलून ती आत गेली.

नाटुकलं झालं. काजळाच्या मिशा लावून मी एका गावकऱ्याच्या पाठीत लाथ घातली, टाळ्याही पडल्या. पण दोन प्रश्न मनात राहिले. सर म्हणाले तो अर्थ या शब्दाला आला कुठून? आणि दादी त्या शब्दाला एवढी का दचकली? पुढं वाचत गेलो तसतशी दोन्हींची उत्तरं थोडी थोडी मिळत गेली. ती एकत्र मांडावीत म्हणून हा लेख.

आपल्याच घरातला शब्द

आधी शब्द पाहू. रझाकार हा शब्द मराठीला परका वाटतो, पण त्याची सख्खी भावंडं आपण दिवसभर वापरतो.

अरबीत 'रिज़ा' किंवा 'रज़ा' म्हणजे संमती, खुशी, समाधान. त्याच मुळापासून आपली 'रजा' आली. रजा म्हणजे मूळची परवानगी. साहेबाची परवानगी घेऊन घरी राहायचं, म्हणून सुट्टीचा अर्ज 'रजेचा अर्ज' झाला. पत्राच्या शेवटी 'रजा घेतो' म्हणतात, तीही तीच. 'राजी' आणि 'नाराज' तिथलेच. 'मर्जी' तिथलीच. 'राजीखुशी' तिथलीच. आणि 'राजीनामा'सुद्धा. राजीनामा म्हणजे राजीखुशीनं लिहून दिलेला कागद. मुंबई इलाख्यात शेतकरी सरकारी जमीन सोडताना राजीनामा लिहून द्यायचा आणि नवा खातेदार कबुलायत लिहून द्यायचा. जुन्या सातबाऱ्याच्या भानगडीत ज्यांनी तहसीलचे हेलपाटे घातलेत त्यांना ही जोडी माहीत असेल.

मुसलमानांच्या घरात तर हे मूळ पावलोपावली भेटतं. रझिया, रझा, मुर्तझा, रिझवान ही सगळी नावं त्यातून निघाली. पैगंबरांच्या साथीदारांचं नाव घेतल्यावर आपण 'रज़ियल्लाहु अन्हु' म्हणतो, म्हणजे अल्लाह त्यांच्यावर राजी असो. रझाकारांचा सर्वेसर्वा कासिम रझवी. त्याचं 'रझवी' हे आडनावही याच मुळाचं, आठवे इमाम अली रझा यांच्या नावावरून आलेलं.

उरला 'कार'. तो फारसी. काश्तकार, दस्तकार, पेशकार यांच्यातला. करणारा, एवढाच त्याचा अर्थ. संस्कृतमधल्या 'कुंभकार'मधल्या 'कार'शी त्याचं लांबचं नातं आहे.

तेव्हा रज़ाकार म्हणजे आपल्या मर्जीनं, कुणी न सांगता, मोबदला न घेता काम करणारा. मराठीत सांगायचं तर स्वयंसेवक. उर्दू वर्तमानपत्रांत आजही पूरग्रस्तांना भाकरी वाटणाऱ्याला, अपघातातल्या जखमींना दवाखान्यात नेणाऱ्याला रज़ाकार म्हणतात. वाचणाऱ्याला त्यात काही खटकत नाही.

मग हाच शब्द मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये आणि बंगालीत शिवी कसा झाला? आमच्याकडं कुणी दांडगाई केली तर म्हातारी माणसं म्हणतात, "ही काय रझाकारी लावली?" शब्द काही आपोआप सडत नाही. त्याला माणसं सडवतात.

मर्जीचे शिपाई

विसाव्या शतकाची विशीतिशी हा गणवेशातल्या स्वयंसेवकांचा काळ होता. डॉ. ना. सु. हर्डीकरांनी १९२३ मध्ये हिंदुस्थानी सेवा दल काढलं. १९२५ मध्ये नागपुरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघ निघाला. सरहद्दीवर खान अब्दुल गफ्फार खानांचे खुदाई खिदमतगार १९२९ मध्ये उभे राहिले. १९३१ मध्ये अल्लामा मश्रिकींनी खाकसार काढले. खाकी किंवा लाल सदरा, मैदानावर कवायत, खांद्यावर लाठी, बेलचा नाहीतर झेंडा, हे चित्र सगळीकडं सारखं. विचार मात्र एकमेकांच्या अगदी उलट.

हैदराबादेत मजलिसे इत्तेहादुल मुसलमीन ही संघटना १९२७ मध्ये निघाली. पुढं बहादूर यार जंग तिचे अध्यक्ष झाले. उर्दूचे फर्डे वक्ते. त्यांच्याच काळात मजलिसचं स्वयंसेवक दल उभं राहिलं आणि त्याला साधं, सर्वांना कळणारं नाव मिळालं, रज़ाकार.

हैदराबाद संस्थान ऐंशी हजार चौरस मैलांहून मोठं. सोळा जिल्हे. तेलुगू, मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारी दीड कोटीहून अधिक माणसं. त्यांत मुसलमान आठात एक. गादीवर मुसलमान, वरच्या हुद्द्यांवर बहुतेक मुसलमान आणि राज्यकारभार उर्दूत. पण याचा अर्थ प्रत्येक मुसलमान सुखात होता असा नाही. लातूर-नांदेडचा पिंजारी, अंबडचा विणकर, बागवान, कसाई, टांगेवाला तितकाच फाटका होता, जितका त्याच्या शेजारचा कोळी नाहीतर मांग. या फाटक्या माणसाला मजलिसनं एक मंत्र दिला, 'अनल मलिक'. म्हणजे मीच राजा. निजाम हे नुसतं प्रतीक, खरी सत्ता प्रत्येक मुसलमानाची, असा तो सिद्धांत. ज्याच्या घरात संध्याकाळची ज्वारी नाही त्याला कुणी सांगितलं की तूच राजा, तर त्याला काय वाटेल? तो गणवेश चढवणार. आमच्यातले बरेच जण असेच गेले.

बहादूर यार जंग १९४४ मध्ये वारले. १९४६ मध्ये मजलिसची सूत्रं कासिम रझवीकडं आली. अलीगढला शिकलेला, लातूरला वकिली करणारा हा माणूस. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. पण बाजारपेठ मोठी, कच्छी मेमन व्यापाऱ्यांच्या पेढ्या असलेली. रझवीच्या हातात आल्यावर स्वयंसेवक दलाचं खासगी लष्कर झालं.

१५ ऑगस्ट १९४७ नंतर निजामानं भारतात यायचं नाकारलं. २७ ऑक्टोबरला निजामाचं शिष्टमंडळ करारासाठी दिल्लीला निघणार होतं. त्या पहाटे रझाकारांच्या जमावानं पंतप्रधान नवाब छतारी आणि घटनात्मक सल्लागार वॉल्टर मॉन्क्टन यांच्या बंगल्यांना वेढा घातला. शिष्टमंडळ गेलंच नाही. छतारींनी पद सोडलं. ज्या दिवशी हे घडलं त्या दिवसापासून हैदराबादेत राज्य कुणाचं, हा प्रश्न उरला नाही.

नोव्हेंबरअखेरीस भारत सरकारशी 'जैसे थे' करार झाला, तो एका वर्षासाठी. पण गावोगावची परिस्थिती जैसे थे राहिली नाही. सरहद्दीपलीकडच्या कॅम्पांतून स्टेट काँग्रेसचे तरुण करोडगिरी नाक्यांवर हल्ले करत होते. तेलंगणात कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा पेटला होता आणि तिथले देशमुख, ज्यांत हिंदू जमीनदार भरपूर होते, कुळांना दाबण्यासाठी रझाकारांची मदत घेत होते. या सगळ्याचं उत्तर म्हणून रझाकारांनी गावंच्या गावं धरली. लूट, जाळपोळ, बायकांची बेअब्रू, खून. बीदर जिल्ह्यातल्या गोरटा गावात मे १९४८ मध्ये माणसं कापली गेली. तेलंगणातल्या भैरनपल्लीत ऑगस्टमध्ये पोलीस आणि रझाकारांनी मिळून गावातल्या पुरुषांना गोळ्या घातल्या. मराठवाड्यातून हजारो कुटुंबं बैलगाड्या जुंपून सोलापूर, बार्शी, नगर, विदर्भाकडं निघून गेली. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांच्या नातवंडांना रझाकार म्हणजे स्वयंसेवक असं कोशात बघून सांगणं हा त्यांचा अपमान आहे. अर्थ कोशात असतो, तसा तो पाठीवरच्या वळातही असतो.

हे मी लिहितोय ते आपल्या वाचकांसाठी मुद्दाम लिहितोय. आपल्यात एक सवय आहे. रझाकारांचा विषय निघाला की आपण लगेच 'पण' म्हणतो. 'पण ते थोडेच होते', 'पण कम्युनिस्टांनी काय केलं', 'पण पुढं आमचं काय झालं'. यातलं बरंचसं खरं आहे. मात्र त्याच्याआधी एक पूर्णविराम द्यायला आपण शिकलं पाहिजे. रझाकारांनी जुलूम केला. पूर्णविराम.

ज्यांनी राजीनामा दिला

आता त्याच मुळातला दुसरा शब्द घेऊ.

रझाकारांचा जोर सर्वांत जास्त होता तेव्हा हैदराबादेत 'इमरोज' नावाचं उर्दू दैनिक निघत होतं. संपादक शोएबुल्लाह खान, वय अठ्ठावीसही नाही. याआधी ज्या पत्रांत त्यांनी काम केलं ती सरकारनं बंद पाडली होती. इमरोजमधून ते उघड लिहीत होते की संस्थानानं भारतात सामील व्हावं आणि रझाकारांना आवरावं. धमक्या आल्या. लिखाण थांबलं नाही. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादमधल्या सात मुसलमान मान्यवरांनी एक पत्रक काढलं. रझाकार बरखास्त करा आणि भारतात सामील व्हा, अशी त्यांची मागणी. इमरोजनं ते छापलं.

२१ ऑगस्टच्या रात्री काम संपवून शोएबुल्लाह खान मेहुण्यासोबत काचीगुड्यातल्या घराकडं निघाले होते. वाटेत हल्ला झाला. गोळ्या घातल्या आणि ज्या हातानं ते लिहीत तो हात तोडला. मेहुण्याचाही हात गेला. २२ ऑगस्टच्या पहाटे शोएबुल्लाह खान गेले. भारतीय फौजा यायला तेव्हा तीन आठवडे उरले होते.

पत्रकावर सही करणाऱ्या सातांमध्ये महसूल खात्यातले अधिकारी फरीद मिर्झा होते. रझाकारांच्या कारवाया बघून त्यांनी नोकरी सोडली. निजामाच्या राज्यात मुसलमान अधिकाऱ्यानं खुर्ची सोडायची, तीही १९४८ मध्ये, ही लहान गोष्ट नव्हती. तेलंगणाच्या लढ्यात शायर मखदूम मोहिउद्दीन भूमिगत राहून कष्टकऱ्यांच्या बाजूनं उभे होते. ते निजामाच्याही विरुद्ध होते आणि रझाकारांच्याही.

एकाच मुळातून 'रझाकार' निघाला आणि 'राजीनामा'ही. एकानं आपल्या मर्जीनं लाठी उचलली. दुसऱ्यानं आपल्या मर्जीनं ती खाली ठेवली, नाहीतर हातात घेतलीच नाही. आमच्या शाळेतल्या नाटुकल्यात पहिला होता. दुसरा कधीच नव्हता. शोएबुल्लाह खान यांचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पंचविशीत होतो. ते सतरा सप्टेंबरच्या कोणत्याही भाषणात ऐकलं नव्हतं, एका जुन्या पुस्तकात वाचलं.

शब्दाचा दुसरा जन्म

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली. पाच दिवसांत सगळं आटोपलं. याला सरकारी भाषेत पोलीस कारवाई म्हणतात. आमच्या घरांतून नुसतं 'एक्शन' म्हणतात. "एक्शन के टैम पे मैं पाँच साल की थी", असं म्हातारी माणसं स्वतःचं वय सांगतात.

शरणागतीनंतर निजामानं रेडिओवरून भाषण केलं आणि झाल्या प्रकाराचा दोष रझवीच्या टोळीवर टाकून दिला. २६ जानेवारी १९५० ला हेच निजाम मीर उस्मान अली खान हैदराबाद राज्याचे राजप्रमुख झाले. कासिम रझवीला अटक झाली, बीबीनगर दरोड्याच्या खटल्यात शिक्षा झाली. १९५७ मध्ये सुटल्यावर तो पाकिस्तानात गेला आणि १९७० मध्ये तिकडंच मेला. वरच्या माणसांचा हिशेब असा मिटला.

खालच्या माणसांचा हिशेब कसा मिटला ते पंडित सुंदरलाल समितीनं नोंदवलं. मुसलमानांच्या कत्तलीच्या बातम्या दिल्लीपर्यंत पोचू लागल्यावर पंडित नेहरूंनी ही समिती पाठवली. पंडित सुंदरलाल, 'लैला के खुतूत'चे लेखक काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री असे तिघं. नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर १९४८ ते संस्थानभर फिरले. पोलीस कारवाईच्या काळात आणि त्यानंतर संस्थानात सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेली असा त्यांचा अंदाज. सर्वांत भयंकर हाल उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा या चार जिल्ह्यांत. एकट्या लातुरात वीस दिवसांहून अधिक काळ कत्तल चालू होती. दहा हजारांतले जेमतेम तीन हजार मुसलमान समितीला तिथं सापडले. सरदार पटेलांना अहवाल मान्य नव्हता. सरकारनं तो प्रसिद्ध केला नाही. अनेक दशकांनी त्याच्या प्रती अभ्यासकांच्या हाती लागल्या आणि २०१३ मध्ये ए. जी. नूरानी यांच्या पुस्तकातून तो लोकांपुढं आला.

याच अहवालात आणखी एक नोंद आहे, ती विसरून चालणार नाही. अनेक ठिकाणी हिंदूंनी जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवलं. माझी दादी त्यामुळंच वाचली. गावच्या पाटलीणबाईनं तिला आणि दोन लेकरांना कडब्याच्या गंजीत तीन रात्री दडवलं. चौथ्या दिवशी कपाळाला कुंकू लावून, डोक्यावरून पदर घ्यायला लावून आपल्याच गाडीत बसवून सोलापूरच्या रस्त्याला लावलं.

मारायला येणारे मारताना काय म्हणत होते? दादी सांगायची, "रजाकारां को निकालो, एकीच बात." दारात उभा माणूस कधी खाकीत गेला होता का, हे कुणी विचारत नव्हतं. त्या दिवसांत शब्दाचा दुसरा जन्म झाला. आधी रझाकार हे एका दलाचं नाव होतं. मग ते एका कृत्याचं नाव झालं, आणि तिथपर्यंत ते रास्त होतं. पण सप्टेंबरनंतर ते एका जमातीचं नाव झालं. खाकी उतरवून ठेवता येते, राजीनामा देता येतो. जन्माचा राजीनामा कसा द्यायचा?

हा दुसरा जन्म अजून संपलेला नाही. २०१२ मध्ये नांदेड महापालिकेत मजलिसचे अकरा नगरसेवक निवडून आले. तेव्हापासून मराठवाड्यात कोणतीही निवडणूक आली की हा शब्द सभांमधून घुमतो. मजलिसच्या राजकारणाला माझा विरोध आहे. १९५८ मध्ये नव्यानं उभ्या राहिलेल्या या पक्षानं आपल्या जुन्या नावाचा इतिहास लोकांना नीट सांगायला हवा होता, असंही मला वाटतं. पण सभेतला वक्ता 'रझाकारांची पिलावळ' म्हणतो तेव्हा तो पक्षाबद्दल बोलत नसतो. त्याच्या समोरून सायकलवर जाणाऱ्या, अंड्यांचा ट्रे घेऊन निघालेल्या पोराला तो ऐकवत असतो. त्या पोराचा पणजोबा कदाचित लातूरच्या कुठल्यातरी विहिरीत पडलेला असेल.

ढाक्यातला पोपट

एखादा शब्द असा जमातीवर चिकटवला की पुढं काय होतं, हे बघायला बांगलादेशात जायला हवं.

१९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात लष्करानं स्थानिक लोकांचं एक दल उभं केलं आणि वटहुकूम काढून त्याला 'रज़ाकार' हेच नाव दिलं. या दलानं आपल्याच बंगाली लोकांना, ज्यांत मुसलमान आणि हिंदू दोन्ही होते, पकडून दिलं, लुटलं, मारलं. तिथं रझाकार म्हणजे देशद्रोही. ऐंशीच्या दशकाअखेर लष्करी राजवटीत टीव्हीवर हा शब्द उच्चारणं अवघड होतं. तेव्हा हुमायून अहमद यांनी आपल्या 'बहुब्रीही' मालिकेत तो एका पोपटाच्या तोंडी घातला. पोपटाला कोण जाब विचारणार? बळींच्या बाजूनं बोललेला तो शब्द होता आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला.

पुढं तोच शब्द सत्तेच्या हाती गेला. विरोधात बोलणारा तो रझाकार, असं होत गेलं. जुलै २०२४ मध्ये आरक्षणाविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर उतरले तेव्हा पंतप्रधान शेख हसीना यांनी रझाकारांच्या नातवंडांचा उल्लेख केला. त्याच रात्री ढाका विद्यापीठातली पोरं-पोरी वसतिगृहांतून बाहेर पडली आणि उपहासानं स्वतःलाच रझाकार म्हणवून घोषणा देऊ लागली. ५ ऑगस्टला शेख हसीनांना देश सोडावा लागला.

मला यात आनंद वाटत नाही. १९७१ च्या बळींच्या नातेवाईकांना त्या घोषणा ऐकून काय वाटलं असेल? पण शब्द इतका सैल वापरला की तो कुणालाही बसतो, आणि कुणालाही बसणारा शब्द शेवटी खऱ्या गुन्हेगारालाही लागत नाही. शब्दाचा असा वापर बळींच्या आठवणीचंच नुकसान करतो.

घागर

दादी दचकली का, ते सांगायचं राहिलं.

मी कॉलेजात होतो तेव्हा एका दुपारी तिनं स्वतःच सांगितलं. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही बडे दादा म्हणायचो, ते रझाकार होते. गावच्या मैदानावर कवायत करायचे. १९४८ च्या उन्हाळ्यात एकदा चार दिवस गायब झाले आणि परतले तेव्हा त्यांच्या हातात पितळेची घागर होती. घागरीच्या कडेला कुणा बाईचं नाव कोरलेलं. कुठून आणली ते सांगितलं नाही. दादी तेव्हा नवी सून. तिनं त्या घागरीतलं पाणी कधी प्यालं नाही. सप्टेंबरात बडे दादा गेले, परत आले नाहीत. घर जळालं. घागर विहिरीत टाकली होती, ती तिथंच राहिली.

मी म्हणालो, "त्यांना कुणी जबरदस्तीनं नेलं असेल."

दादी म्हणाली, "नै रे. मर्जी से गया था. किसी ने भेजा नै था."

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण कोशात लिहिलाय तोच अर्थ तिनं सांगितला. आपल्या मर्जीनं करणारा. या शब्दाचा खरा भार तिथंच आहे. हुकमाचा ताबेदार म्हणू शकतो, मला सांगितलं म्हणून केलं. रझाकाराला ती पळवाट नाही.

सर म्हणाले होते, रझाकार म्हणजे जुलमी. 'जुलूम' हाही अरबी शब्द. अरबी कोशकारांनी 'ज़ुल्म'ची जी व्याख्या केली आहे ती मला फार नेमकी वाटते. एखादी गोष्ट तिच्या हक्काच्या जागेवरून उचलून भलत्याच जागी ठेवणं, म्हणजे ज़ुल्म. दुसऱ्याची घागर आपल्या घरात आणणं हा जुलूम. बडे दादांचा गुन्हा दादीच्या लेकरांवर ठेवणं हाही जुलूम. आणि ज्या शब्दाची जागा काही माणसांच्या काही कृत्यांवर आहे, तो सातवीतल्या तीन पोरांच्या कपाळावर ठेवणं, हाही लहानसा का होईना, जुलूमच.

शब्द मिटवा असं मी म्हणत नाही. गोरट्याच्या लोकांना तो लागणार आहे, भैरनपल्लीच्या लोकांना लागणार आहे, ती घागर जिची होती त्या बाईच्या नातवंडांनाही लागणार आहे. तो त्याच्या जागेवर ठेवा, एवढंच मागणं आहे.

माझा पुतण्या आता सातवीत आहे. दुसरी शाळा, पण नाटुकलं तेच. मी त्याच्या बाईंना भेटलो आणि शोएबुल्लाह खान यांचं पात्र घालता येईल का असं विचारलं. बाई म्हणाल्या, "हे कोण?" मग खुर्ची पुढं ओढून म्हणाल्या, "दोन पानं लिहून द्या, बसवते." दोन पानं लिहायला बसलो, त्याचा हा एवढा लेख झाला. यंदाच्या नाटुकल्यात रझाकारही असतील आणि शोएबुल्लाह खानही असतील. कोणतं काम कुणाला द्यायचं हे मी विचारलं नाही. जो राजी असेल त्यानं करावं.